भूल उतरेपर्यंत ऑपरेशन संपत नाही

समुद्रपूरच्या आमच्या वस्तीत पौर्णिमेला विहारात वंदना झाली की महिला मंडळाच्या बाया जरा वेळ बसतात. मुलांच्या शाळा, कापसाचा भाव, घरातली दुखणी, सगळे तिथे निघते. अशाच एका पौर्णिमेला एका मावशींनी विषय काढला. त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले होते आणि दुर्बिणीतून ऑपरेशन ठरले होते.

"डाक्टर म्हणे, आधी वजन करा. काहून? मी का कापूस आहो, काट्यावर मोजाले?"

सगळ्या हसल्या. मावशी मात्र हसल्या नाहीत. बाकीच्या उठल्यावर त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन खरे सांगितले. काट्यावर चढायची लाज वाटली, म्हणून त्यांनी तोंडीच 80 किलो लिहून दिले होते. खरे वजन होते 96. आणि रात्री त्या इतक्या घोरतात, की शेजारच्या खोलीतली सून जागी होते. तेही त्यांनी सांगितले नव्हते. "जाडी आहे म्हणून ऑपरेशनच नाही केलं तर?" ही त्यांची भीती.

वाचक भगिनींनो, मावशींनी ज्या दोन गोष्टी लपवल्या, नेमक्या त्याच दोन गोष्टींवर भूल देणाऱ्या डॉक्टरांचे निम्मे काम उभे असते. म्हणून हा लेख. आम्ही डॉक्टर नाही आणि हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागाही घेत नाही. पण टेबलावर आपल्या माणसाचे काय होते, हे कळले तर योग्य प्रश्न विचारता येतो.

जीवकाच्या काळापासून

तथागतांच्या काळचा वैद्य जीवक आपल्या घराघरात ठाऊक आहे. विनयपिटकात त्याची एक कथा येते. राजगृहाच्या एका श्रेष्ठीच्या डोक्याची शस्त्रक्रिया करताना जीवकाने आधी त्याला खाटेला बांधले आणि मग शस्त्र चालवले. बांधल्याशिवाय इलाज नव्हता, कारण कापताना माणूस हलला तर घात होतो.

आज माणसाला बांधत नाहीत. झोपेचे औषध देतात, वेदनेचे औषध देतात आणि तिसरे औषध देतात ते स्नायू ढिले करण्याचे. याची सुरुवात दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींच्या बाणाच्या विषापासून झाली. त्या विषाला क्युरारे म्हणतात. 23 जानेवारी 1942 रोजी कॅनडातील मॉन्ट्रियल येथे डॉ. हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि डॉ. एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनात ते शुद्ध स्वरूपात वापरले. पोट मऊ पडले आणि सर्जनचे काम सोपे झाले. आज व्हेक्युरोनियम, अ‍ॅट्राक्युरियम, रोक्युरोनियम ही त्याच कुळातली, पण अधिक सुधारलेली औषधे वापरतात.

मात्र हे औषध हातापायाचे स्नायू ढिले करते, तसेच श्वासाचेही करते. ते दिल्यावर माणूस स्वतः श्वास घेऊ शकत नाही. श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास द्यावा लागतो. जाड माणसाचा खरा प्रश्न इथे सुरू होतो.

पहिली तीन मिनिटे

पोटाचा भार छातीच्या पडद्यावर येतो, त्यामुळे आडवे झोपल्यावर जाड माणसाच्या फुप्फुसात हवेचा साठा कमी उरतो. आधी भरपूर प्राणवायू दिलेला असेल, तर सडपातळ माणसाला श्वास थांबल्यावर तो पाच-सहा मिनिटे पुरतो. अतिलठ्ठ माणसाचा तोच साठा तीन मिनिटांच्या आत संपू शकतो. तेवढ्यात नळी बसली पाहिजे. म्हणून भूलतज्ज्ञ अशा रुग्णाचे डोके, मान आणि खांदे उंच करून उतरती बैठक देतात.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे खर्रा. वर्षानुवर्षे खर्रा खाऊन ज्यांचे तोंड आखडले, त्यांच्या तोंडात नळी घालायला जागाच मिळत नाही. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर ते आधीच सांगावे.

कोणते वजन धरायचे?

मावशींची उंची 150 सेंटीमीटर. बायकांच्या उंचीतून 105 वजा केले की आदर्श वजनाचा ढोबळ अंदाज येतो, म्हणजे 45 किलो. खरे वजन 96. वरचे 51 किलो ही मुख्यतः चरबी.

रोक्युरोनियम पाण्यात विरघळणारे औषध आहे, ते चरबीत फारसे शिरत नाही. म्हणून त्याचा डोस आदर्श वजनावर धरतात. किलोमागे 0.6 मिलिग्रॅम धरले, तर मावशींना 27 मिलिग्रॅम लागेल. तोच हिशेब 96 किलोवर केला तर जवळपास 58 मिलिग्रॅम होतो, म्हणजे दुपटीहून जास्त. औषध जास्त झाले, की ऑपरेशन संपले तरी स्नायू जागे होत नाहीत.

सक्सिनिलकोलिन या दुसऱ्या औषधाचे गणित उलटे आहे. ते मिनिटाभरात काम करते आणि काही मिनिटांतच उतरते, म्हणून घाईच्या वेळी नळी घालायला वापरतात. त्याचा डोस मात्र प्रत्यक्ष वजनावर देतात. म्हणजे एकाच बाईसाठी एका औषधाला 45 धरायचे आणि दुसऱ्याला 96. आता सांगा, तोंडी सांगितलेल्या 80 किलोवर डॉक्टरांनी काय करावे?

एसटीतला रुमाल

स्नायू परत जागे करण्याचे दोन मार्ग आहेत. ते समजण्यासाठी जामच्या चौरस्त्यावर थांबलेली एसटी डोळ्यांपुढे आणा. नसेचा निरोप घेऊन येणारे रसायन म्हणजे प्रवासी. तो सीटवर बसला की स्नायू हलतो. स्नायू ढिले करणारे औषध म्हणजे खिडकीतून टाकलेला रुमाल. रुमालाने सीट अडते, प्रवासी उभाच राहतो.

पहिला मार्ग निओस्टिग्मिन. हे जुने आणि स्वस्त औषध आहे. ते रुमाल उचलत नाही, प्रवासी वाढवते. गर्दी वाढली की रुमाल बाजूला सारून लोक सीट मिळवतात. पण सगळ्याच सीटवर रुमाल असतील, तर कितीही गर्दी करून उपयोग नाही. म्हणून औषधाचा असर बराच ओसरल्यावरच ते द्यावे लागते, आणि दिल्यावरही दहा-पंधरा मिनिटे किंवा जास्त वाट पाहावी लागते. वजन कितीही असो, एकूण 5 मिलिग्रॅमच्या पुढे जात नाहीत. त्याने हृदयाचे ठोके मंद होतात, म्हणून सोबत ग्लायकोपायरोलेट किंवा अ‍ॅट्रोपिन देतात.

दुसरा मार्ग सुगामाडेक्स. युरोपात 2008 साली आणि अमेरिकेत डिसेंबर 2015 मध्ये त्याला मान्यता मिळाली. आता ते भारतातही मिळते. ते रुमालच पिशवीत घालून गाडीबाहेर नेते. असर खोल असला तरी काही मिनिटांत स्नायू जागे होतात. पण ते फक्त रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियमवर चालते, अ‍ॅट्राक्युरियमवर नाही. डोस प्रत्यक्ष वजनावर असतो. असर मध्यम असेल तर किलोमागे 2 मिलिग्रॅम, खोल असेल तर 4. मावशींना पहिल्या हिशेबाने 192 मिलिग्रॅम लागेल, म्हणजे 200 ची एक बाटली. दुसऱ्या हिशेबाने दोन बाटल्या. निओस्टिग्मिनपेक्षा ते कितीतरी पटीने महाग आहे आणि जाड माणसाला ते जास्त लागते. गरिबाच्या खिशाचा प्रश्न इथे येतो.

त्याचेही दोष आहेत. क्वचित ठोके मंद होतात, क्वचित अ‍ॅलर्जी होते, आणि मूत्रपिंड फार बिघडलेले असेल तर ते टाळतात. माला-एनसारखी गोळी किंवा पाळणा लांबवणारे हार्मोनचे इंजेक्शन घेणाऱ्या बहिणींनी एक लक्षात ठेवावे. सुगामाडेक्समुळे त्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून पुढचे 7 दिवस निरोधसारखे दुसरे साधन वापरावे लागते.

नळी काढण्याआधी

मग श्रेष्ठ कोणते? आमच्या मते, औषधाच्या नावापेक्षा मोठा प्रश्न हा, की असर पूर्ण उतरला हे मोजून पाहिले का? पूर्वी रुग्णाने पाच सेकंद डोके उचलले की झाले, असे समजत. ती कसोटी पुरेशी नाही. आता मनगटाजवळच्या नसेला विजेचे चार बारीक धक्के देऊन अंगठा किती हलतो हे यंत्राने मोजतात. चौथा झटका पहिल्याच्या निदान 90 टक्के असावा, मगच नळी काढावी. अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत हेच सांगितले आहे. असर खोल किंवा मध्यम असताना सुगामाडेक्सला पसंतीही दिली आहे. पण यंत्र प्रत्येक ऑपरेशन थिएटरात नसते, हेही खरे आहे.

असर थोडा उरला तर घशाचे स्नायू ढिले राहतात. घोरणाऱ्या जाड माणसाचा घसा आधीच झोपेत मिटतो. दोन्ही एकत्र आले तर वॉर्डात आल्यावर श्वास अडू शकतो. म्हणून घोरणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही.

घरच्यांनी काय करावे

ऑपरेशनआधी काट्यावर उभे राहून वजन करून घ्यावे, उंचीही मोजून घ्यावी. घोरणे, झोपेत श्वास थांबणे, खर्रा, चालू असलेल्या गोळ्या हे सगळे सांगावे. घरात कोणाला पूर्वी भूल उतरायला फार वेळ लागला असेल, तर तेही सांगावे. दोन प्रश्न अवश्य विचारावे: "कमरेत इंजेक्शन देऊन हे ऑपरेशन होईल का?" आणि "स्नायू जागे झाले हे मोजायचे यंत्र आहे का?" महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन असेल, तर कोणते औषध त्यात बसते हे आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवावे.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर डोक्याकडची बाजू उंच ठेवावी. परवानगीशिवाय पाणी पाजू नये, मनाने झोपेची गोळी देऊ नये. ओठ निळसर दिसले, मान उचलत नसेल, बोलणे जड झाले किंवा घोरता घोरता श्वास थांबला, तर "झोपली आहे, झोपू द्या" म्हणू नये. ताबडतोब सिस्टरला हाक मारावी.

लठ्ठपणा हा केवळ श्रीमंतांचा रोग राहिलेला नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 24 टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळले. त्यात लाजण्यासारखे काही नाही. लाजेपायी खोटे सांगण्यात मात्र धोका आहे.

मावशी दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन दवाखान्यात परत गेल्या. काट्यावर चढल्या. कागदावरचा आकडा बदलला, घोरण्याची नोंद झाली. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी ऑपरेशन एक आठवडा पुढे ढकलले, झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घेतली आणि मग खडे काढले. नंतरच्या पौर्णिमेला मावशी विहारात आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "शहाण्णव किलो आहो मी. लिहून घ्या."

कोणी सांगितले म्हणून मानू नका, विचारून, पारखून घ्या, असे तथागतांनी शिकवले. दवाखान्याच्या दारातही ती शिकवण बाहेर ठेवू नये.

जयभीम.