बाळ शांत आहे, पण मान बघितलीत का? कापडी रॅपमध्ये बाळ बांधताना

मागच्या भागात मध्येच बाळाचा आवाज येत होता, तो कुठून, असं बऱ्याच जणांनी विचारलं. शेजारच्या खोलीतून नाही, माझ्या छातीवरून येत होता. आमची चिऊ कापडी रॅपमध्ये माझ्या अंगाला बांधलेली होती आणि मी रेकॉर्डिंग करत होतो. त्यावर लगेच पुढचे प्रश्न आले. हे बांधायचं कसं? बाळ पडत नाही का? पाठ दुखत नाही का? तर आजचा भाग त्यावर. आणि नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं जातं त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा साधा माणूस आहे. पण हा विषय मी एका चुकीनंतर नीट शिकलो. ती चूक आधी सांगतो, कारण बाकी सगळं तिथूनच सुरू होतं.

चिऊ तेव्हा दोन महिन्यांची होती. बायकोचं सिझेरियन झालेलं, रात्रीची झोप नाही, त्यामुळे दुपारी तिला झोपू द्यायचं आणि चिऊला मी सांभाळायचं असं ठरलं होतं. मी घरूनच काम करत होतो. एक व्हिडिओ बघितला, रॅप बांधला, चिऊला आत बसवलं. बांधला मात्र सैल. का? तर घट्ट बांधलं तर ती गुदमरेल असं वाटलं. मीटिंग सुरू झाली, वीस मिनिटांत चिऊ गप्प. मी मनात म्हटलं, वा, झोपली!

तेवढ्यात आजी चहा घेऊन आली. गावाहून खास पणतीला बघायला आलेली. कप टेबलावर ठेवता ठेवता म्हणाली, "अरे, पोरीची मान बघ की!" मी खाली बघितलं. कापड सैल पडून चिऊ माझ्या पोटापर्यंत घसरली होती. हनुवटी छातीत रुतलेली, तोंड कापडाकडे, आणि श्वासाला बारीक घरघर. आजीने दोन बोटांनी हनुवटी वर उचलली. चिऊने मोठा श्वास घेतला आणि भोकाड पसरलं. काही झालं नाही. त्याच संध्याकाळी डॉक्टरांना दाखवलं, चिऊ ठणठणीत होती. पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट बग कुठला? प्रोग्रॅम धाडकन बंद पडतो तो नाही. तो लगेच कळतो. वाईट तो, जो गुपचूप चुकत राहतो आणि लॉगमध्ये एक ओळही येत नाही. बाळाच्या श्वासाचं असंच आहे. लहान बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, मानेत ताकद नसते, आणि श्वासनलिका अरुंद आणि मऊ असते. हनुवटी छातीला टेकली की ती नळी दुमडल्यासारखी होते. मोठा माणूस मान झटकून वर करेल, दोन महिन्यांचं बाळ करू शकत नाही. रडायलासुद्धा हवा लागते, म्हणून ते रडतही नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, किती शांत झोपलंय.

ही माझ्या मनातली भीती नाही. मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने स्लिंगबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्याआधीच्या वीस वर्षांत अशा स्लिंगशी संबंध असलेले किमान १४ बालमृत्यू त्यांच्याकडे नोंदवले गेले होते आणि त्यातली १२ बाळं चार महिन्यांच्या आतली होती. इशाऱ्यात दोन धोके सांगितले होते: कापडाने नाक-तोंड दाबलं जाणं आणि बाळ वाकून हनुवटी छातीला लागणं. दुसरा धोका गळ्यात पिशवीसारख्या अडकवायच्या स्लिंगमध्ये जास्त, कारण त्यात बाळ आपोआप मुटकुळं होऊन पडतं. म्हणून आपली झाडाला बांधायची झोळी बघून तशीच गळ्यात अडकवायला जाऊ नका.

आता मुख्य मुद्दा. रॅपचे नियम बरेच ऐकायला मिळतील, पण त्यातले बहुतेक एकाच गोष्टीसाठी आहेत: श्वासाची वाट मोकळी राहावी. हे एकदा डोक्यात बसलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. ब्रिटनमध्ये यासाठी टिक्स नावाची पाच कलमी यादी वापरतात. मी ती माझ्या भाषेत सांगतो.

पहिलं, घट्ट. माझी चूक इथेच होती. सैल कापडात बाळ घसरतं आणि घसरलं की मुडपतं. कापड अंगाला असं बसलं पाहिजे की बाळाच्या पाठीवर तळहात ठेवून हलकं दाबलं, तर ते तुमच्याकडे आणखी सरकू नये. सरकलं तर बांधणी सैल आहे.

दुसरं, चेहरा सतत दिसला पाहिजे. मान खाली केली की बाळाचं नाक-तोंड दिसायला हवं. ऊन आहे, धूळ आहे म्हणून तोंडावरून ओढणी घेऊ नका.

तिसरं, पापा घेता येईल इतकं वर. मान किंचित वाकवली की बाळाच्या डोक्याचा पापा घेता यावा. ओठ पोचत नसतील तर बाळ खूप खाली आहे.

चौथं, हनुवटी छातीपासून सुटी. हनुवटीखाली तुमचं एक बोट सहज जायला हवं. कण्हल्यासारखा, घरघरीचा आवाज आला तर लगेच मान बघा.

पाचवं, पाठीला आधार. बाळाची पाठ थोडी गोलसर असतेच, ते बरोबर आहे. पण पोट आणि छाती तुमच्या अंगाला लागलेली हवीत. मध्ये पोकळी राहिली की बाळ त्यात ढासळतं.

गंमत म्हणजे बाळाला जे सुरक्षित, तेच तुमच्या पाठीला आरामाचं. भरलेली घागर कडेवर अंगाला लावून धरली तर चालता येतं, हात लांब करून धरली तर दोन पावलांत कंबर धरते. पाच किलोचं बाळ वर आणि अंगालगत असलं की वजन खांद्यांवर आणि पाठीवर वाटलं जातं. खाली लोंबलं की सगळा भार कमरेवर. माझी पाठ पहिल्या आठवड्यात दुखायची, कारण मी सैल बांधत होतो. घट्ट बांधायला लागलो आणि दुखणं गेलं.

कापडाचं काय? दोन मुख्य प्रकार. एक स्ट्रेची, म्हणजे टीशर्टसारखं ताणणारं. ते सुरुवातीच्या महिन्यांत सोपं जातं, पण फक्त पुढे बांधायचं, पाठीवर नाही. दुसरं विणलेलं, न ताणणारं सुती. ते शिकायला वेळ लागतो पण बाळ जड झालं तरी चालतं. लांबी साधारण साडेचार ते पाच मीटर. आईने विचारलं, "मग माझी जुनी साडी काय वाईट आहे?" तत्त्वतः काही नाही. सहावारी साधारण साडेपाच मीटर भरते. पण ती मजबूत सुती हवी, विरलेली नको, आणि सिल्क किंवा सिंथेटिक तर नकोच, कारण गाठ सरकते. पहिलं बाळ, पहिली वेळ असेल तर रॅप म्हणूनच विकलं जाणारं कापड घ्या आणि वजनाची मर्यादा लेबलवर वाचा.

आता स्ट्रेची रॅपची बांधणी. आधी बाळाशिवाय करायची, आणि पहिले काही दिवस पलंगावर बसून.

कापडाचा मध्य छातीवर आडवा धरा. दोन्ही टोकं काखेखालून मागे न्या, पाठीवर फुली करा आणि एकेक टोक खांद्यावरून पुढे आणा. पुढे आलेली टोकं पोटावरच्या आडव्या पट्ट्याखालून खाली ओढा. तिथे परत फुली करा, कमरेमागे न्या, लांबी उरली तर पुढे आणून गाठ मारा. गाठ दुहेरी, आणि मणक्यावर नको, टोचते. खांद्यावरचं कापड मानेजवळ गोळा होऊ देऊ नका, खांद्यावर पसरा.

आता बाळ. आधी ते खांद्यावर घ्या, ढेकर काढताना घेतो तसं. एक हात कायम बाळावर. छातीवरच्या फुलीतला आतला पट्टा उघडून त्यातून एक पाय काढा, मग दुसऱ्या पट्ट्यातून दुसरा. बाळ फुलीवर बसलं पाहिजे. दोन्ही पट्टे एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पसरा आणि पाठीवर वर ओढा. शेवटी पोटावरचा आडवा पट्टा बाळाच्या पायांवरून, ढुंगणावरून वर घेत मानेच्या मुळापर्यंत आणा. डोक्यावरून नाही. मग पाच कलमं एकेक तपासा. आम्ही कोड लाइव्ह करण्याआधी चेकलिस्ट बघतो, तशी. आणि नंतरही दर थोड्या वेळाने, कारण चालताना कापड सैल होतं.

बाळाचं तोंड तुमच्याकडेच हवं. पाठीवर बांधणं विणलेल्या कापडात आणि बाळ आधाराशिवाय बसायला लागल्यावर, तेही कोणीतरी मदतीला असताना.

आजीचा आक्षेप वेगळाच होता. "असे पाय फाकवून ठेवशील तर पोरीचे पाय फेंगडे होतील रे!" तुमच्याही घरात हे ऐकू येईल, म्हणून उत्तर सांगून ठेवतो. बाळाचा खुब्याचा सांधा जन्मतः बराचसा कूर्चेचा, मऊ असतो. मांड्या वर आणि बाजूला, गुडघे ढुंगणापेक्षा किंचित उंच, अशा स्थितीत मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत नीट बसतो. समोरून बघितलं तर इंग्रजी एम दिसतो. उलट पाय सरळ करून करकचून गुंडाळणं सांध्याला वाईट. तान्ह्या बाळाचे पाय जबरदस्तीने ताणायचे नाहीत, ते स्वतः जितके घेतं तितकेच. हे सगळं सांगितल्यावर आजी थोडा विचार करून म्हणाली, "म्हणजे कडेवर घेतो तसंच की!" मी म्हटलं, अगदी तसंच. माझं दहा मिनिटांचं व्याख्यान तिने एका वाक्यात संपवलं.

आता जिथे रॅप अजिबात नको ते. दुचाकीवर नाही, मागे बसूनही नाही. २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या नियमात चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर सेफ्टी हार्नेस आणि नऊ महिन्यांपासून हेल्मेट सांगितलंय. रॅप म्हणजे तो हार्नेस नव्हे. चारचाकीत बाळ कार सीटमध्ये. गॅसपाशी, फोडणी देताना, गरम चहा पिताना नाही. आजीने आणलेला तो चहा माझ्याच डोक्यावरून पुढे येऊ शकला असता, हे मला नंतर सुचलं. रॅपमध्ये बाळ असताना तुम्ही स्वतः आडवं व्हायचं नाही, डुलकी घ्यायची नाही. दूध पाजताना बाळ खाली घेतलं तर संपल्यावर लगेच वर घ्यायचं. उन्हाळ्यात रॅप म्हणजे कपड्याचे दोन-तीन थर धरा, आत एक पातळ झबलं पुरे. मानेच्या मागे हात लावा, घाम असेल तर बाहेर काढा. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, वजन कमी असेल किंवा श्वासाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधू नका.

एवढं सगळं ऐकून कोणी म्हणेल, मग कशाला हा उपद्व्याप? तर १९८६ मध्ये माँट्रियलला झालेल्या एका चाचणीत, ज्या बाळांना दिवसाला जास्तीचे काही तास उचलून घेतलं ती सहा आठवड्यांची असताना ४३ टक्के कमी रडली. आणि २०२२ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेच्या संशोधकांनी रडणारं बाळ झोपवायची एक कृती सुचवली: पाच मिनिटं घेऊन चाला, झोपलं की पाच ते आठ मिनिटं नुसतं घेऊन बसा, आणि मगच खाली ठेवा. आमच्याकडे हे बऱ्याचदा चालतं. सगळ्यात मोठं म्हणजे बायकोला दुपारची दोन तास झोप मिळाली, आणि मला माझी लेक मिळाली. दूध मी पाजू शकत नव्हतो, हे करू शकत होतो. सोसायटीत एक-दोघं हसले, नंतर त्यातल्याच एकाने गाठ कशी मारायची ते विचारलं.

आजी आता गावी परत गेलीय. रविवारी फोन येतो. जेवलास का, हा प्रश्न दुसरा असतो. पहिला असतो, "मान बघतोस ना रे?"

तुम्हीही बघत राहा. भेटू पुढच्या भागात.