बिनतिकिटाचा प्रवासी

रेल्वेंत पांच वर्षांखालील मुलासाठीं स्वतंत्र जागा घेतली नाहीं, तर त्याचें तिकीट काढावें लागत नाहीं. हाच नियम आपण घरांतही लागू करतों, आणि तेथें मात्र चुकतों. सुट्टीचा बेत ठरतो तो मोठ्यांच्या सोयीनें. गाडी कोणती, मुक्काम कोठें, देवदर्शन कधीं, हें सारें ठरतें. लहान मूल मात्र सामानाबरोबर जमेस धरलेलें असतें. आज मला या बिनतिकिटाच्या प्रवाशाची बाजू मांडावयाची आहे.

माझें घर भिवंडी तालुक्यांत खारबाव येथें. वसई-दिवा मार्गावरील हें लहानसें स्थानक. येथून दिव्यास जावें आणि तेथें कोंकणची गाडी धरावी, हा आमचा परिपाठ. कोंकण रेल्वे १९९८ सालीं सबंध खुली झाल्यापासून हा प्रवास पुष्कळ सुखाचा झाला आहे. एकदां तीन वर्षांच्या नातवाला घेऊन आम्ही असेच निघालों. चिपळूणपर्यंत तो खिडकीशीं बसून प्रत्येक बोगद्याला आनंदानें ओरडत होता. पुढें घाईघाईनें गुहागरकडे जाणारी एस. टी. गांठली, गर्दीमुळें मागची जागा मिळाली. वळणें सुरू होतांच मुलाला गाडी लागली. दोनदां, तीनदां उलटी झाली. तो पाणी मागूं लागला, आणि मीं, घरांतील वडीलधाऱ्यानें, बजावलें, "पाणी देऊं नका, पुन्हां ओकेल." उतरेपर्यंत त्याची जीभ कोरडी पडली. तो रडत होता, पण डोळ्यांतून टिपूस येत नव्हतें. तेव्हां सूनबाई म्हणाली, "बाबा, आतां मला माझ्या रीतीनें करूं द्या." तिची रीत बरोबर होती, माझी चूक होती.

गाडी लागणें हा पोटाचा दोष नव्हे. तो दोन साक्षींतील विरोध आहे. कानाच्या अंतर्भागांत तोल व हालचाल ओळखणारें इंद्रिय असतें. वळणावर तें मेंदूला कळवितें कीं, आपण हलतों आहों. डोळे मात्र समोरच्या आसनाच्या पाठीवर खिळलेले असतात. ते सांगतात कीं, सर्व स्थिर आहे. या विसंगतीनें मळमळ सुटते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास विशेष होतो. आणि ठेंगणें मूल मागच्या बाकावर बसलें, तर त्याला बाहेरचें कांहीं दिसतच नाहीं. म्हणून त्याला शक्य तों पुढें बसवावें, दूरचा डोंगर दाखवावा, चालत्या गाडींत पुस्तक किंवा मोबाईल हातीं देऊं नये, आणि निघतांना पोट तुडुंब भरूं नये. औषध द्यावयाचें तर डॉक्टरांना विचारूनच.

उलटीनंतर पाणी तोडण्याची चूक अनेक घरांत होते. उलटीबरोबर पाणी व क्षार दोन्ही जातात, आणि लहान देहांत सांठा थोडा असतो. पांच-दहा मिनिटें थांबून चमच्या-चमच्यानें जलसंजीवनी द्यावी. तिचें पाकीट औषधाच्या दुकानांत मिळतें. न मिळाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत चहाचे सपाट सहा चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ मोजून विरघळवावें. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो. साखर केवळ चवीसाठीं नसते. आंतड्यांत साखरेच्या सोबतीनें मीठ शोषलें जातें आणि त्यामागोमाग पाणी. १९७१ सालीं बंगालमधील बनगांवच्या निर्वासित छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं अशाच साध्या द्रावणानें पटकीच्या असंख्य रोग्यांना वांचविलें. अंगावर पिणाऱ्या बालकाचें दूध मात्र कधींही बंद करूं नये. मूल सुस्त झालें, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा उलट्या थांबेनात, तर वेळ न दवडतां त्याला डॉक्टरांकडे न्यावें.

पुढच्या सुट्टींत आम्ही रीत बदलली. चिपळुणास उतरल्यावर एक एस. टी. जाऊं दिली. मूल थोडें खेळलें, थोडें जेवलें; दुसऱ्या गाडींत पुढची जागा मिळाली. गांवीं पोहोंचण्यास दीड तास उशीर झाला, पण त्या दीड तासावांचून कोणाचें कांहीं अडलें नाहीं. नातू मात्र हंसत उतरला. मूल बरोबर असतां वेळापत्रक त्याच्या चालीनें आखावें, एवढेंच माझें सांगणें आहे.