होडीत पाय ठेवण्यापूर्वी

श्रोतेहो, आपल्या बिद्रीच्या परिसरात पाण्याची वाण नाही. दूधगंगा आहे, वेदगंगा आहे, उसाच्या सरीतून झुळझुळणारे पाटाचे पाणी आहे. पण गंमत पाहा. आपली दूधगंगा सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावते. तिथून पश्चिमेचा समुद्र हाकेच्या अंतरावर. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवते, कृष्णेला मिळते आणि थेट बंगालच्या उपसागराला जाते. आपलेही तसेच झाले आहे. समुद्र जवळ असून तो आपल्या ओळखीचा नाही. म्हणून शाळेची किंवा गावकीची सहल मालवणला न्यायची ठरली, की निघण्याआधी ही ओळख करून घ्यावी.

वाट सोपी आहे. मुदाळ तिट्ट्यावरून राधानगरी, दाजीपूर, मग फोंडा घाट उतरून कणकवली आणि पुढे मालवण. मुक्कामाला संध्याकाळी पोचावे आणि सकाळी होडीने सिंधुदुर्ग पाहावा. कुरटे बेटावरच्या या किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांनी १६६४ साली सुरू केले आणि १६६७ साली ते पुरे झाले. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा ठरले, त्यांत हाही आहे. चारी बाजूंना खारे पाणी, आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. मुले विचारतील, "गुरुजी, हे कसं हो?" त्यांना सांगा : बेटावर मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असते, म्हणून ते जमिनीत त्याच्यावर तरंगून राहते.

आता वाऱ्याची गोष्ट. सकाळचीच वेळ का घ्यायची? उन्हाने जमीन लवकर तापते, पाणी सावकाश तापते. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो. हे खारे वारे. रात्री जमीन आधी निवते आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. शिडाच्या होड्यांचे कोळी पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. आता मालवणच्या होड्या बहुतेक इंजिनावर चालतात, पण वारा तोच आहे. दुपारी तो वाढतो, लाटा उठतात. शिक्षकांनी एका परातीत माती, दुसरीत पाणी घेऊन दोन्ही उन्हात ठेवावीत आणि तासाभराने मुलांना हात लावून बघू द्यावा. धडा पाठ करायला नको.

वारा समोरून असला तर शिडाची होडी कशी चालते? ओला चिंचोका दोन बोटांत दाबा. तो पुढे सटकतो. तिरक्या शिडावर वारा एका अंगाने दाबतो, तळाचे पाणी होडीला आडवे सरकू देत नाही, म्हणून ती पुढे निघते. मात्र वाऱ्याच्या थेट तोंडावर जाता येत नाही. फोंडा घाटातल्या वळणांसारखे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे जावे लागते. २०१७-१८ साली नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून गोव्याहून निघून पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती याच विद्येवर.

तिसरी ओळख भरती-ओहोटीची. कोकणात जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण मोठे असते. हा नुसता अंदाज झाला. नेमकी वेळ बंदरावर विचारूनच घ्यावी.

हे सारे कशासाठी सांगतो? १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. आपली पोरे विहिरीत सूर मारतात, नदीत पोहतात. "आमाला पोहायला येतंय की," असे म्हणतात. पण विहिरीचे पाणी माणसाला ओढून नेत नाही. समुद्राचे नेते. परतीच्या ओढीत सापडलात, तर किनाऱ्याकडे झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीतून बाहेर पडा आणि मग वळा.

तेव्हा पाच गोष्टी गाठीला बांधा. पावसाळ्यात होडीची सहल ठरवू नये. तरंगजाकीट अंगात घालून बंद बांधल्याशिवाय कोणी होडीत बसू नये. ठरल्यापेक्षा एकही माणूस जादा घेऊ नये. फोटोसाठी सगळ्यांनी एका कडेला धावू नये, होडी कलंडते. आणि चढताना मोजलेली मुले उतरल्यावर पुन्हा मोजावीत.

शेवटी एक. तांडेल "आज नको" म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. एसटीचे भाडे वाया गेले म्हणून हळहळू नका. किल्ला साडेतीनशे वर्षे उभा आहे, तो पुढच्या सालीही तिथेच असेल. मुले सुखरूप घरी आली, की सहल झाली म्हणायची.