सकाळचा तास आणि मेंदूतलं घड्याळ

बहरीन विद्यापीठाचं साखीरचं आवार मनामापासून लांब, वाळवंटात आहे. सप्टेंबरात सत्र सुरू झालं की सुट्टीभर पहाटे तीनला झोपलेल्या मुलांना सकाळचा तास गाठावा लागतो. त्यांना लवकर उठवत नाही, पण हा आळस नव्हे. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर शरीराचं मुख्य घड्याळ असतं. बहुतेकांचं ते 24 तासांहून किंचित लांब चालतं, विशीच्या आसपास तर आणखी रेंगाळतं. सकाळचा उजेडच ते रोज जुळवतो. पण उकाड्यामुळे इथला दिवस एसी घर, एसी गाडी, एसी वर्ग असा जातो. खोलीत उजेड जेमतेम काहीशे लक्स, बाहेर सावलीतही हजारो! तेव्हा मुलांना ओरडू नका. उठल्याउठल्या चहाचा कप देऊन गच्चीवर पाठवा, आणि शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीतही उठायची वेळ तीच ठेवायला सांगा.