जोडविषयाची निवड

बारावीची परीक्षा संपली कीं मुख्य विषयाची चर्चा घरोघर होते. जोडविषय मात्र प्रवेशपत्र भरतांना, कोणा मित्राच्या सांगण्यावरून ठरतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यांत त्रैवार्षिक पदवीच्या १२० श्रेयांकांपैकीं २४ जोडविषयास दिले आहेत. व्याख्यानाचे १५ तास म्हणजे एक श्रेयांक. तेव्हां प्रश्न सुमारें ३६० तासांचा आहे. विद्यापीठपरत्वें हे आंकडे थोडे बदलतात.

मुख्य विषयांत जें उणें पडतें तें भरून काढील तो जोडविषय उत्तम, असें आम्हांस वाटतें. आदिलशाही फर्मानें फारसींत आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें ती भाषा घेतल्यास मूळ साधनें त्यास स्वतः वाचतां येतील. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यास प्रयोगाचे आंकडे पारखण्यास संख्याशास्त्र उपयोगीं पडतें. गणिताचे अध्यापक दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांनीं प्राचीन नाण्यांचीं वजनें संख्याशास्त्रानें तपासून इतिहासाचा मार्ग उजळला.

उलट, गुण सहज मिळतात एवढ्यावरून केलेली निवड पुढें नडते. अर्थशास्त्राच्या उच्च अभ्यासास गणित लागतें. तें टाळणारास कित्येक संस्थांचीं दारें बंद आढळतात.

म्हणून विद्यार्थ्यांनीं प्रवेशापूर्वीं दोन गोष्टी विचाराव्या: आपल्या महाविद्यालयांत तो विषय अखेरपर्यंत शिकवितात काय, आणि पुढील अभ्यासास त्याचा आधार मिळेल काय? पालकांनींही, "सोपा कोणता?" असें न विचारतां, "तुला उणें काय पडेल?" असें विचारावें.