पाऊस सांगितला, पण मोजला का?

२०२३ साली मोसमी पाऊस मुंबईत पोचला २५ जूनला, दिल्लीतही त्याच दिवशी. दोनच वर्षांनी, २०२५मध्ये, तो मुंबईत दाखल झाला २६ मे रोजी. मुंबईची सरासरी तारीख ११ जून. म्हणजे एकदा दोन आठवडे उशीर, तर एकदा सोळा दिवसांची घाई. सूर्य मात्र दोन्ही वर्षी मृग नक्षत्रात शिरला तो ठरल्याप्रमाणे, जूनच्या ७-८ तारखेला. २०२३चा मृग राज्याच्या बहुतेक भागात कोरडा गेला. २०२५ला रोहिणीतच ओढे-नाले वाहिले, आणि कुलाब्याच्या वेधशाळेत मे महिन्याच्या पावसाचा १९१८पासूनचा विक्रम मोडला.

असं झालं की दोन गट हमखास भांडू लागतात. एक म्हणतो, नक्षत्रं वगैरे सगळं थोतांड. दुसरा म्हणतो, हवामान खात्यापेक्षा आमचा आजा बरा सांगायचा. मला दोघांनाही एकच विचारायचं आहे: पडताळा कुठे आहे? भाकीत आधी लिहून ठेवलं होतं का, नंतर पाऊस मोजला का, आणि दोन्ही शेजारी मांडून पाहिले का?

आधी नक्षत्रांचं पाहू. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असं करत हस्त-चित्रा-स्वातीपर्यंत पावसाळ्याचे हप्ते पडतात. कोणत्या हप्त्यात पेरायचं, कोणत्यात लावणी उरकायची, कोणत्यात पाण्याने ओढ दिली तर भाताचं काय होईल, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब त्यात आहे. हे कॅलेंडर आहे आणि चांगलं कॅलेंडर आहे. ते सरासरी सांगतं. यंदाचं सांगणं हे त्याचं काम नाही.

शिवाय हे कॅलेंडर हळूहळू सरकतं आहे. पंचांगातली नक्षत्रं निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सूर्य कुठे आहे ते सांगणारी. ऋतू मात्र पृथ्वीच्या कललेल्या आसावर ठरतात, आणि हा आस भोवऱ्यासारखा डोलत सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी पुरी करतो. त्यामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश दर ७२ वर्षांनी साधारण एका दिवसाने पुढे जातो. शिवकाळात मृग आजच्या कॅलेंडरने जूनच्या २-३ तारखेला लागत असे. सहाव्या शतकात, वराहमिहिर बृहत्संहितेत पर्जन्याची लक्षणं लिहीत होता तेव्हा, तो मेच्या १८-१९ तारखेच्या आसपास लागत असणार. आणखी साडेनऊशे वर्षांनी आठ जूनला रोहिणी लागेल. पाऊस जिथल्या तिथे आणि नक्षत्र पुढे, असा हा प्रकार आहे. जुन्या ग्रंथातलं नक्षत्रफळ आज जसंच्या तसं लावणाऱ्याने एवढी वजाबाकी तरी करायला हवी.

नक्षत्रांच्या वाहनांची गोष्ट वेगळी. ‘यंदा आर्द्राचं वाहन बेडूक’ असं आपण दरवर्षी वाचतो. ते ठरवायची रीत सोपी आहे. सूर्य ज्या नक्षत्रात शिरतो तिथपासून त्या दिवशीच्या चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं आणि नवाने भागायचं. बाकी एक उरली तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव, आणि शून्य उरलं तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस. या सगळ्या गणितात वारा नाही, बाष्प नाही, समुद्राचं तापमान नाही, आणि मुख्य म्हणजे जागा नाही. रत्नागिरीला जो बेडूक, तोच माण तालुक्याला. सह्याद्रीच्या या बाजूला आणि त्या बाजूला पडणाऱ्या पावसातला फरक ज्या भाकिताला दिसत नाही, त्यावर पेरणीचा दिवस ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळीच लोकलक्षणं मात्र या पंक्तीत बसवता येणार नाहीत. चंद्राभोवती खळं पडतं तेव्हा खूप उंचावर बर्फकणांचा पातळ ढग पसरलेला असतो. षटकोनी कणांतून जाताना चांदणं साधारण २२ अंशांनी वळतं आणि तेवढ्या त्रिज्येचं कडं उमटतं. हात लांब करून अंगठा चंद्रावर ठेवला आणि पंजा ताणला, तर करंगळी जवळपास कड्यावर येते. मोठ्या वादळी ढगांच्या माथ्यावरून असे पातळ ढग शेकडो किलोमीटर पुढे पसरतात. खळं हा पावसाचा पुरावा नव्हे, पण वरच्या हवेत ओल आली आहे हे ते खरंच सांगतं. चातकाचंही तसंच. आफ्रिकेकडून येणारे चातक अरबी समुद्र ओलांडतात ते नैर्ऋत्येच्या वाऱ्यांवर स्वार होऊन. चातक दिसला म्हणजे वारे वळले असावेत, हा अंदाज रास्त आहे. किती पडेल, किती दिवस पडेल, हे त्या पाखराला विचारण्यात अर्थ नाही.

पडताळा म्हणजे नुसते ‘बरोबर आलेले’ मोजणं नव्हे, हे जगाला कळलं ते अमेरिकेतल्या एका वादातून. जॉन फिन्ली हा तिथल्या सैन्याच्या सिग्नल कोअरमधला अधिकारी, टोर्नॅडो म्हणजे चक्रीवावटळींच्या मागे लागलेला. १८८४मध्ये त्याने देशाचे विभाग पाडून ‘आज इथे टोर्नॅडो होईल’ किंवा ‘होणार नाही’ अशी भाकितं केली. एकूण २,८०३. त्यांतली ९६.६ टक्के खरी ठरली, असं त्याने जाहीर केलं. आकडा खोटा नव्हता. पण ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूवैज्ञानिकाने तोच तक्ता उलगडून पाहिला. फिन्लीने शंभर वेळा ‘होईल’ म्हटलं होतं, त्यांतल्या २८ वेळा झाला, ७२ वेळा नाही. आणखी २३ टोर्नॅडो त्याने न सांगताच आले. उरलेली २,६८० भाकितं ‘होणार नाही’ अशी होती आणि तसंच घडलं. आता कुणी काहीही अभ्यास न करता २,८०३ वेळा डोळे मिटून ‘होणार नाही’ म्हटलं असतं, तर तो ९८.२ टक्के बरोबर ठरला असता! विद्वानापेक्षा झोपलेला माणूस वरचढ. फिन्लीची मेहनत वाया गेली असं मात्र नाही. नेमके टोर्नॅडो किती पकडले, किती निसटले, खोट्या हाळ्या किती दिल्या, हे वेगवेगळं मोजायची पद्धत त्या वादातूनच रुजली. आजही जगभरच्या हवामान संस्था त्याच चार रकान्यांचा तक्ता मांडतात.

हा धडा आपल्याकडे लावून पाहा. जुलैत कोकणात रोज ‘उद्या पाऊस’ म्हणणारा बहुतेक दिवशी जिंकेल. माण-खटावमध्ये रोज ‘उद्या पाऊस नाही’ म्हणणाराही जिंकेल. यात विद्या कोणाचीच नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणी घ्या. अक्षय्य तृतीयेला शेतात घट आखतात, भोवती धान्यं मांडतात, मधे मातीची चार ढेकळं ठेवून त्यांवर पाण्याची घागर ठेवतात. चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहणी करून भाकीत जाहीर होतं. ऐकायला शेतकऱ्यांची गर्दी लोटते. त्या श्रद्धेचा मला आदर आहे, आणि भाकीत आधीच, चारचौघांत सांगितलं जातं ही गोष्ट पडताळ्याच्या दृष्टीने चांगलीच आहे. अडचण शब्दांची. ‘जूनमध्ये कमी, जुलैत साधारण, ऑगस्टमध्ये चांगला’ यातलं साधारण म्हणजे किती मिलिमीटर? कोणत्या जिल्ह्यात? हे ठरलेलं नसेल तर वर्षअखेरीला ते खरं म्हणता येतं आणि खोटंही.

हवामान खात्याच्या शब्दांना व्याख्या आहेत. पण त्या आपल्यापर्यंत पोचवायची तसदी पुरेशी घेतली गेली नाही, ही माझी तक्रार आहे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या पर्जन्यमापकांपैकी २५ टक्के किंवा त्याहून कमी ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ७५ टक्क्यांपर्यंत. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ ऐकून ज्याच्या शिवारात थेंब पडला नाही, त्याच्यापुरतं भाकीत चुकलेलं नसतं. चार गावांतल्या तीन गावांत पडणार नाही, असंच ते सांगत होतं. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’ पाऊस, २०४.४च्या वर ‘अतिप्रचंड’. पाऊस किती ठिकाणी पडतो हा प्रश्न क्षुल्लक नाही. २६ जुलै २००५च्या प्रलयात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला फक्त ७३.

चक्रीवादळांच्या बाबतीत तर खात्याला श्रेय दिलंच पाहिजे. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, मुंबई बचावली, आणि लगेच ‘उगीच घाबरवलं’ अशी ओरड झाली. तिकडे मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या होत्या. वादळाची वाट चोवीस तास आधी सांगताना होणारी सरासरी चूक आज ८० किलोमीटरच्या आसपास असते, पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या जवळपास निम्मी. मुंबई ते श्रीवर्धन हवाई अंतर शंभरेक किलोमीटर. म्हणजे एका शहराचं सुटणं आणि दुसऱ्या गावाचं उद्ध्वस्त होणं एवढ्याशा फरकात बसतं. अशा वेळी दोघांनाही सावध करणं हेच बरोबर.

हल्ली हौशी हवामान अभ्यासकांची एक चांगली पिढी तयार झाली आहे. कुलाब्याच्या आणि वेरावलीच्या रडारची चित्रं ही मुलं क्रिकेटच्या स्कोअरइतक्या आवडीने पाहतात आणि पुढच्या तासाभरात ढग कुठे सरकेल ते अनेकदा नेमकं सांगतात. मला त्यांचं कौतुक आहे, आणि त्यांना एक विनंतीही. संगणकावरच्या एखाद्या प्रारूपाने बारा दिवसांनंतरचं चक्रीवादळ दाखवलं की ते चित्र लगेच पसरवू नका. १९६१मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी संगणकात ०.५०६१२७ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला, आणि काही काळाने गणितातलं हवामान पार वेगळं निघालं. सुरुवातीची इवलीशी चूक अशी वाढत जाते, म्हणून दोन आठवड्यांपलीकडे दिवसागणिक अंदाजाला अर्थ उरत नाही. म्हणूनच मोठी केंद्रं एकच गणित न करता थोड्याथोड्या फरकाने पन्नासेक गणितं करतात आणि किती गणितांत वादळ दिसतं ते पाहतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेली, सहा किलोमीटरच्या चौकटीवर चालणारी ‘भारत’ अंदाज प्रणाली मे २०२५मध्ये सुरू झाली. चौकट बारीक झाली म्हणून अनिश्चितता संपली असं नाही.

अंदाजाचा पडताळा खातं करतं, आकडे प्रसिद्धही होतात, पण इंग्रजी अहवालांच्या तांत्रिक भाषेत. जोरदार पावसाचे किती इशारे खरे ठरले, किती फसले, किती पाऊस इशाऱ्याविना आला, हे जिल्हावार, मराठीत, दर महिन्याला छापायला हवं. दुबार पेरणीचा खर्च सोसणाऱ्याचा तो हक्क आहे.

आणि वाचकांनी करायचं ते असं. सरळ बाजूंचं, सपाट तळाचं भांडं झाडा-भिंतींपासून दूर उघड्यावर ठेवा, पट्टीने पाणी मोजा. रोज सकाळी साडेआठला, कारण खात्याची नोंदही तेव्हाच होते. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, एकराला चार हजार लिटरहून जास्त. कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतो, तो आकडा मग तुमच्या शिवाराचा असेल, तालुक्याच्या गावाचा नाही. वहीत चार रकाने करा: तारीख, खात्याचा अंदाज, गावातल्या जाणत्यांचं भाकीत, मोजलेला पाऊस. पहिले तीन आदल्या संध्याकाळीच भरायचे, आणि पाऊस पडला नाही त्या दिवशी चौथ्यात शून्य लिहायला विसरायचं नाही.