आर्ततेचा उगम : ना. वा. टिळकांची अभंगरचना आणि ख्रिस्ती प्रेमविचार

मनुष्य देवाकडे ओढला जातो, की देवच मनुष्याकडे येतो, हा ख्रिस्ती ईश्वरशास्त्रातील प्रेमविचाराचा मूलभूत प्रश्न होय. संत ऑगस्टीन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आत्मनिवेदनात मानवी हृदयाची अस्वस्थता हीच ईश्वरशोधाची प्रेरणा मानली. उलट अँडर्स न्यूग्रेन या स्वीडिश ल्यूथरन पंडिताने १९३० व १९३६ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ‘एरॉस’ आणि ‘आगापे’ यांत काटेकोर भेद केला. एरॉस म्हणजे उणिवेतून उपजणारी, वर चढू पाहणारी ओढ. आगापे म्हणजे पात्रापात्रता न पाहता खाली उतरणारे ईश्वरी प्रेम. ऑगस्टीन यांनी या दोहोंची सरमिसळ केली, असा त्यांचा आक्षेप होता.

हा भेद जसाच्या तसा स्वीकारल्यास मराठी ख्रिस्ती काव्यापुढे पेच उभा राहतो. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे सांगत. तुकारामांची भेटीची तळमळ केवळ एरॉस ठरली, तर तो पूल पैलतीराला टेकतच नाही.

तथापि वारकरी परंपरेतील आर्तता एकतर्फी नाही. पुंडलिकासाठी विटेवर तिष्ठणारा विठ्ठल हा स्वतःच वाट पाहणारा देव आहे आणि भक्त त्याला ‘माउली’ म्हणतो. लेकराचे रडणे हे आईला विकत घेण्याचे साधन नसते. आईच्या मायेवरील विश्वासाचीच ती वाणी असते. टिळकांनी ख्रिस्ताला माता आणि गुरू या दोन्ही नात्यांनी संबोधिले, तेव्हा हाच भावव्यूह त्यांच्या अभंगांत आला. क्लेअरव्हॉचे संत बर्नार्ड (मृत्यू ११५३) यांनीही, ज्याला देव आधीच गवसला आहे तोच त्याला शोधू शकतो, असा विचार मांडला होता. या दृष्टीने आर्तता ही कृपेची पूर्वअट नसून कृपेचा पहिला परिणाम ठरते. बेनेडिक्ट सोळावे यांच्या २००५ च्या ‘देउस कारितास एस्त’ या पत्रातही एरॉस व आगापे यांची पूर्ण फारकत नाकारलेली आहे.

मात्र या साम्यावरून दोन्ही परंपरा एकरूप मानणे सयुक्तिक होणार नाही. टिळकांच्या भक्तीचे केंद्र क्रूस आहे. विटेवरचा देव भक्तासाठी थांबतो; क्रुसावरचा देव आपल्याला नाकारणाऱ्यांसाठीही वेदना सोसतो. अभंगाचा घाट आणि माउलीची प्रतिमा टिळकांनी वारशाने घेतली. त्या प्रतिमेत शत्रूलाही सामावणाऱ्या जखमी प्रेमाचा ऐतिहासिक प्रसंग त्यांनी आणला. म्हणून तुलनाकाराने केवळ शब्दसाम्य न पाहता, प्रत्येक परंपरेत आर्ततेला उत्तर कोण देतो आणि कोणती किंमत मोजून देतो, हे पाहणे अगत्याचे आहे. पूल दोन तीरांना जोडतो. तो त्यांना एक करीत नाही.